वरच्या पायरीवरचा अकरावा ओंडका

आमच्या किनाऱ्यावर एकही झाड नाही. जे लाकूड मिळते ते समुद्र आणून देतो, आणि ज्याला ते प्रथम दिसते त्याने ते भरतीच्या रेषेच्या वर ओढून त्यावर एक दगड ठेवला की ते त्याचे झाले. मग मालक दहा वर्षे तिकडे फिरकला नाही तरी त्या लाकडाला कोणी हात लावायचा नाही. हा नियम माझ्याहून फार जुना आहे. मात्र गेली पन्नास वर्षे तो पाळला जातो आहे तो माझ्या धाकाने, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. मी बिबियाने. वय एक्क्याऐंशी. दगड लोळवणाऱ्या किती पोरांचे कान मी पिळले याची गणती नाही. गावच्या दुकानाच्या आधीच्या व्यवस्थापकाने एकदा कोणाच्या तरी ओंडक्यावरचा दगड बाजूला सारून त्याचे बाकडे केले होते. तो दगड मी त्याला स्वतःच्या हातांनी परत ठेवायला लावला, आणि मालकाच्या घरी जाऊन, कॉफी न पिता, उभ्याने माफी मागायला लावली.

साऱ्या गावात मी एकाच व्यक्तीपुढे मान खाली घालते. ती व्यक्ती अठ्ठावीस वर्षांची आहे, नाकात चमकी घालते आणि तिला सीलची चरबी पचत नाही. ती माझी नात, पिपालुक. माणूस गेला की त्याचे नाव आम्ही पुढे जन्मणाऱ्या मुलाला देतो, मुलगा असो वा मुलगी, आणि नावाबरोबर त्याची नातीही त्या मुलाकडे जातात. माझे सासरे इसायस वारले आणि नवव्या दिवशी ही जन्मली. तेव्हा पिपालुक इसायस ही माझी नात आहे आणि माझे सासरेही. ती दुपट्यात होती तेव्हापासून मी तिला मामंजी म्हणते. बोलू लागली तेव्हापासून ती मला सूनबाई म्हणते.

पिपालुक कोपनहेगनला असते आणि फार जुन्या काळच्या बर्फाचा अभ्यास करते, तोही लाकडावरून. हजारो वर्षांपूर्वी आमच्या जमिनीवरचा बर्फ वितळला आणि ओझे उतरलेल्या माणसाप्रमाणे जमीन हळूहळू ताठ होऊ लागली. त्यामुळे जुने किनारे आता डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे दिसतात. जितकी वरची पायरी तितका जुना किनारा. प्रत्येक पायरीवर त्या त्या काळी समुद्राने आणलेले लाकूड अजून पडून आहे, कारण आमच्या थंडीत ते सहसा कुजत नाही. ते येते सैबेरियाच्या नद्यांतून, समुद्रावरच्या बर्फावर स्वार होऊन. वाटेत बर्फ नसेल तर ते भिजून बुडते. आणि आमची खाडी उन्हाळाभर गोठलेली असेल तर त्याला किनारा गाठता येत नाही. म्हणून कोणत्या काळी किती लाकूड आले हे पाहिले की त्या काळी बर्फ कुठवर होता आणि किती झपाट्याने मागे हटला हे कळते. सहा हजार वर्षांपूर्वी इथे आजच्याहून अधिक ऊब होती. तेव्हाचा बर्फ कसा गेला हे समजले तर यापुढचा कसा जाईल हे सांगता येईल, असे तिचे म्हणणे.

गेल्या उन्हाळ्यात तिने वरच्या पायरीवरच्या तेवीस ओंडक्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येकाची एक चकती कापून नेली. जाण्यापूर्वी वही उघडून मला विचारले, "सूनबाई, ही लाकडं कधी कोणी हलवली तर नाहीत ना?"

"या गावात?" मी म्हटले. "माझ्या गावात? मामंजी, इथे दुसऱ्याच्या लाकडाला कोणी बोट लावत नाही. लिहून घ्या."

तिने लिहून घेतले. मी खाली ठसठशीत सही केली.

या एप्रिलमध्ये ती हेलिकॉप्टरने उतरली ती पडलेल्या चेहऱ्याने. शनिवारी गावाला सभागृहात आपले काम दाखवायचे आणि महिनाअखेरीस कोपनहेगनमध्ये परीक्षकांपुढे उभे राहायचे, असे ठरले होते. चार वर्षांच्या श्रमांचा निकाल तिथे लागणार होता.

"सूनबाई, कॉफी दे. केक आहे?"

"आहे ना, मामंजी. मनुका घालून केलाय."

"मला मनुका आवडत नाहीत."

"तुम्हाला फार आवडायच्या."

"ते मरायच्या आधी. आता नाही आवडत." तिने मनुका एकेक करून बशीच्या कडेला काढून ठेवल्या आणि म्हणाली, "माझी पार वाट लागलीय गं. बावीस ओंडके साडेपाच-सहा हजार वर्षांचे निघाले, अगदी हवे तसे. आणि अकरावा ओंडका निघाला ऐंशी वर्षांचा."

मी किटली खाली ठेवली.

"ऐंशी वर्षांचं लाकूड समुद्रापासून बावीस मीटर उंचावर! प्राध्यापक म्हणाले, हिमनदीचा कडा कोसळून मोठी लाट उसळली असेल, तिने नेऊन टाकलं असेल. मी म्हटलं, सर, एवढी लाट आली असती तर मला केक खायला घालायला माझी सूनबाई उरली नसती."

"मग काय म्हणाले?"

"मग म्हणाले, लाट नसेल तर ते तिथे पोचलं कसं ते सांग. नाही सांगता आलं तर परीक्षक विचारतील, एक ओंडका असा वाटेल तेव्हा वर चढू शकतो, तर बाकीचे आपापल्या काळातच आले कशावरून? म्हणजे सगळी पायरीच खोटी. चार वर्षं खोटी."

"तो एक ओंडका सोडून द्या की, मामंजी."

"गैरसोयीचा म्हणून सोडून द्यायचा? ती तर लबाडी झाली. तूच शिकवलंयस मला."

मी खिडकीबाहेर पाहू लागले.

ती गोष्ट मी चौदा वर्षांची असतानाची. इसायसने, म्हणजे पुढे माझे सासरे झालेल्या त्या दांडग्या गृहस्थाने, शरद ऋतूत एक सरळसोट ओंडका पाण्यातून ओढून त्यावर आपला दगड ठेवला. माझ्या वडिलांच्या स्लेजची, म्हणजे कुत्र्यांच्या बर्फगाडीची, खालची लाकडी पट्टी मोडली होती. त्यांनी अर्धा ओंडका मागितला. इसायस सर्वांदेखत म्हणाला, "स्लेज सांभाळता येत नाही त्याने पायी चालावं." तो अपमान वडिलांनी गिळला, मला तो गिळता आला नाही. पुढच्या वसंतात, गुड फ्रायडेला सारे गाव चर्चमध्ये बसले असताना, मी पोटदुखीचे निमित्त केले, वडिलांचे सहा कुत्रे जुंपले आणि तो ओंडका फरफटत वरच्या पायरीवर नेला. तिथे कोणी फिरकत नसे. पुढे संधी साधून तो तुकड्यातुकड्याने घरी आणावा असा बेत होता. परंतु दुपारी बर्फ पडून माग पुसले गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावाने ठरवूनही टाकले की एवढे धूड एका शेजाऱ्यालाच उचलता येईल: एनोकला. एनोक तेव्हा अठरा वर्षांचा, आमच्याकडच्या लांब केसांच्या रानबैलाच्या ताकदीचा. लोकांनी त्याला विचारले तेव्हा तो नुसता हसला. इसायस त्याला चोर म्हणाला, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांनी एकमेकांच्या उंबऱ्यात कॉफी घेतली नाही.

मी बोलणार होते. परंतु सहा वर्षांनी मी इसायसचीच सून झाले. नव्या सुनेने सासऱ्याला नेमके कोणत्या जेवणाच्या वेळी सांगावे, की तुमचा ओंडका मी चोरला?

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. त्यातला पहिला मी अस्वलावर घालवला.

"मामंजी, अस्वलाने ओढला असेल का हो? अस्वलं भारी खोडकर असतात."

"सूनबाई, अस्वल ओंडका कशाला ओढेल? घर बांधायचंय त्याला?"

दुसऱ्या दिवशी मी पूर्वी इथे असलेल्या डॅनिश हवामान केंद्रातल्या माणसांवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी पिपालुक माझ्या स्वयंपाकघरात भाषणाचा सराव करू लागली, आणि शेवटच्या पानावर येऊन तिने वाचले: "अकराव्या ओंडक्याचे स्पष्टीकरण मला देता आलेले नाही." ते वाचून तिने कागद टेबलावर पालथा ठेवला. ती मला पाठमोरी होती. त्या पाठीकडे पाहून मी मनाशी निश्चय केला. रात्रभर झोप मात्र उत्तम लागली. निश्चय झाला की मला लागते.

सभागृहात सारे गाव होते, सत्तावन्न माणसे. पहिल्या रांगेत एनोक, पंचाऐंशी वर्षांचा, हातात नार्व्हाल देवमाशाच्या सुळ्याची काठी. पिपालुकने पडद्यावर पायऱ्या दाखवल्या, ओंडके दाखवले, आणि सांगितले की त्या उबदार काळात आमच्या खाडीतला उन्हाळी बर्फ फार तर दोन पिढ्यांत नाहीसा झाला. आजोबांनी ज्यावर शिकार केली तो बर्फ नातवाने पाहिलाही नसेल.

"मग आत्तासारखंच की," एनोक म्हणाला.

"हो," पिपालुक म्हणाली. "फक्त तेव्हा त्याची कारणं वेगळी होती. म्हणूनच हे पक्कं कळायला हवं." आणि तिने अकराव्या ओंडक्याचे चित्र लावले. "इथे माझं अडलंय. ही लाकडं कोणी हलवली नाहीत, अशी माझ्या सूनबाईंची लेखी साक्ष आहे..."

मी उठून उभी राहिले. "थांबा, मामंजी. साक्ष खोटी आहे. तो ओंडका मी नेला. चौदा वर्षांची होते. दगड काढला आणि नेला."

मी शांततेची अपेक्षा केली होती. अश्रूंचीही, थोड्याशा. आधी दुकान चालवणारी गुद्रुन फसकन हसली आणि मग सगळे सभागृह हसले.

"बिबियाने मावशी!" गुद्रुन डोळे पुसत म्हणाली. "नातीसाठी काय काय कराल हो! म्हणे मी चोरला! तुम्ही!"

"मी खरं सांगते आहे."

"हो हो. बसा तुम्ही. कुणीतरी मावशींना पाणी द्या गं."

पन्नास वर्षे मी ज्या नावलौकिकाची राखण केली तो असा माझ्याच अंगावर उलटेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. तेवढ्यात एनोक काठी आपटत उभा राहिला.

"खोटं! साफ खोटं! तो ओंडका मी नेला. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"तू?" मी म्हटले. "तू कुठे नेलास?"

"वर."

"कसा?"

"खांद्यावर."

"आणि मग वापरला का नाहीस रे, दीडशहाण्या?"

"गरज नव्हती," एनोक म्हणाला. "नुसता नेऊन दाखवला."

"कोणाला दाखवलास? कोणी पाहिलंय?"

त्याचा चेहरा लाल झाला. "हे बघ बिबियाने, त्या ओंडक्यावर माझं लग्न जमलंय. सबिनाचा बाप म्हणाला, ज्याने इसायसचा ओंडका खांद्यावर वाहिला त्याला पोरगी दिली. पंचावन्न वर्षं संसार केला मी तिच्याबरोबर. आता ती गेल्यावर तू सांगणार, की तो एका पोरीने कुत्री लावून ओढला?"

"सांगणारच. सांगितलंय."

"चोरटी!"

"थापाड्या!"

"बस!" पिपालुकचा आवाज घुमला. चार वर्षांत तिने तो सूर लावला नव्हता. परंतु इसायसचा तो सूर मला परिचित होता, आणि एनोकलाही. आम्ही दोघेही खाली बसलो. "एकाच चोरीचे दोन चोर! हे मी परीक्षकांना सांगू? ते मला दारातून परत पाठवतील. ओंडका कोणाचा होता?"

"तुमचा, मामंजी."

"तुझा, इसायस," एनोक पुटपुटला.

"मग ठरवणार मी. उद्या प्रार्थना झाली की दोघांनी किनाऱ्यावर यायचं आणि आपापली चोरी करून दाखवायची."

रविवारी ऊन लख्ख होते आणि उतारावरचा बर्फ टणक. त्याच मापाचा एक ओंडका गुद्रुनचा होता. तिने आपला दगड स्वतः उचलून परवानगी दिली, कारण नियम तो नियम. आधी एनोक पुढे झाला. त्याने ओंडक्याभोवती दोनदा फेरी मारली, एका टोकाखाली हात घातला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"उचलतोयस की ऐकतोयस?" मी विचारले.

"माझं वय बघ!"

"वय मी नाही विचारत. वाट दाखव. कुठून नेलास?"

त्याने काठीने थेट समोर खूण केली. तिथे कडा होता, आणि त्या कड्यावरून पक्षीही विचार करून उतरतो. लोक खाली पाहू लागले. हसले मात्र कोणी नाही. सबिना सर्वांचीच लाडकी होती.

मग मी हातमोजे काढले. माझ्या मुलाचे सहा कुत्रे घेतले. ओंडक्याच्या मुळाकडच्या टोकापाशी गुडघे टेकून बसले आणि सुरीने वडील पाडत तशी खाच पाडली: तीन बोटे खोल, तीन बाजूंनी, चौथी बाजू, जी बर्फावर घासते, ती कोरी. दोर सुटू नये आणि झिजूही नये यासाठी. तोंडात पाणी घेऊन ते ओंडक्याच्या त्या कोऱ्या बाजूवर फवारले, ते गोठू दिले, पुन्हा फवारले. या वयात असे गाल फुगवणे शोभते की नाही याचा विचार मी केला नाही. दोर अडकवला आणि कुत्र्यांना हाक दिली. कड्याला वळसा घालून, ओढ्याच्या घळीतून, तो ओंडका लोण्यावरून जावा तसा वर गेला. मी त्याच्यामागून चालले, जरा धापा टाकत, परंतु चालले.

पिपालुक वर येईतो आम्ही पोचलो होतो. ती ओंडक्याकडे गेली नाही. ती खाचेकडे पाहत राहिली. मग बर्फ उकरत बारा पावले पलीकडे गेली, अकरावा ओंडका मोकळा केला आणि मुळाकडचे टोक हाताने चाचपले.

"तीन बाजू," ती म्हणाली. "खालची कोरी. सूनबाई, प्राध्यापकांनी याला बर्फाने घासल्याची खूण ठरवलं होतं!"

"बर्फाला सुरी धरता येत असेल तर असेलही."

ती हसली आणि रडलीही. खाली जाऊन तिने ते सर्वांना सांगितले आणि या वेळी मात्र सर्वांनी विश्वास ठेवला. गुद्रुन माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की मला क्षणभर माझेच कान पिळावेसे वाटले. एनोक खाली बर्फावर बसला होता.

"सहा कुत्री!" तो म्हणाला. "सहा कुत्र्यांनी तर कोणीही नेला असता."

"मग तू का नाही नेलास?"

"सूनबाई," पिपालुक म्हणाली, "एनोकची माफी माग. आणि एनोक, तू माझ्या सुनेची माग. तिची चोरी तू सदुसष्ट वर्षं मिरवलीस."

मी माफी मागितली. उभ्याने, कॉफी न पिता. त्याने मागितली ती बसूनच, कारण त्याला उठता येत नव्हते. मी हात देऊन उठवले. मग आम्ही सारे कॉफीसाठी सभागृहात परतलो, आणि पिपालुकने तिथे वही उघडून अकराव्या ओंडक्यापुढे लिहिले: मानवाने हलवलेला.

"मानवाने?" मी म्हटले. "कोणत्या मानवाने? नाव घाला, मामंजी. वय घाला. सहा कुत्रे घाला."

तिने ते सारे घातले. मग पेन हवेतच थांबले आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "सूनबाई, पण तू गावाची राखणदार, आणि तूच नेलास. मग बाकीचे बावीस?"

मी सभागृहाकडे पाहिले. सत्तावन्न माणसे अचानक आपापल्या कपात डोकावू लागली.

"दार लावा," मी म्हटले. "कोणी घरी जायचं नाही. ज्याच्या बापाने, आजोबाने, काकाने वरच्या पायरीवर लाकूड नेलं असेल किंवा तिथून आणलं असेल, त्याने उठून सांगायचं. मी सांगितलंय. माझ्याहून कोणाची अब्रू मोठी आहे?"

मग मागच्या रांगेत खुर्ची करकरली आणि चर्चमध्ये प्रार्थना म्हणवून घेणारा आमचा सालोमन, ज्याच्या घराण्यात तीन पिढ्या कोणी मोठ्याने शिंकलेही नव्हते, मान खाली घालून उभा राहिला.

"सतरा नंबर," तो म्हणाला. "आजोबांनी. पण तो वरच्या पायरीवरचाच होता, फक्त थोडा डावीकडे सरकवला. बसायला."

"किती डावीकडे?" पिपालुकने विचारले. तिचा हात झरझर चालू लागला होता.

"दहा पावलं. शपथेवर."

"मग चालेल तो. पायरी तीच आहे. बसा, सालोमनकाका."

"चार नंबर," गुद्रुन भिंतीकडे पाहत म्हणाली. "माझ्या आत्याने. पण मावशी, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका ना."

"मी बघत नाही," मी म्हटले, आणि टेबलाच्या कडेला माझी खुर्ची ओढून पिपालुकच्या शेजारी बसले. "पुढचा!"